पुन्हा सुती साडी

दीपावली सरते, भाऊबीजेचे ओवाळणे होते. पण घरातील कपाट मात्र आठवडाभर सणातच रमलेले असते. रेशमी चंदेरी वर, रोजच्या सुती साड्या तळाशी. आपल्या उज्जयिनीत प्रत्यक्ष महाकालेश्वराचेही रूपचौदसपासून ऊन पाण्याचे स्नान सुरू होते, ते फाल्गुन पौर्णिमेपर्यंत. दिनचर्या बदलण्यात आपणच तेवढे आळशी!

काही वर्षांपूर्वी त्या आळसातच मी जरीकाठी साडी, पाटल्या-बांगड्या व खड्याची अंगठी अशा थाटात दवाखाना उघडला. पहिलीच रुग्ण एक वृद्ध माळवी आजी. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेली. माझी साडी खराब होईल म्हणून त्यांनी पाय मागे ओढला. मी हातमोजा चढवला, तर तो खड्याला अडकून फाटला.

अंगठीखालच्या त्वचेवर जंतूंची दाटी असते, हे आपण सारे जाणतो. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७ साली रुग्णसेवेत कोपराखालचे हात मोकळे ठेवण्याचा दंडक घातला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये अंगठ्या टाळण्यास सांगितले. (लांब बाह्यांच्या आमच्या डॉक्टर बंधूंनीही हे मनावर घ्यावे.)

आता भाऊबीजेच्या रात्रीच दागिने डबीत जातात. फिक्या रंगाची, बारीक काठाची सुती माहेश्वरी ही माझी खरी आवड. डांबरगोळ्यांचा वास जाण्यासाठी तेवढे तिला आधी वाऱ्यावर टाकावे लागते. ती नेसून बसले होते, त्या दिवशी आजींनी आपण होऊन पाय स्टुलावर ठेवला आणि पदर चिमटीत धरून विचारले, "महेश्वरची का?"