गुंतवणूक निधींच्या लेखापरीक्षा शुल्काचा माहितीसंग्रह

अनेक बचतदारांचा पैसा एकत्र करून तो रोख्यांत गुंतविणाऱ्या निधींनी आपल्या हिशेबतपासनिसांस दरवर्षी दिलेल्या शुल्काच्या नोंदींचा पद्धतशीर संग्रह. म्युच्युअल फंड हा अशा निधींचा सर्वांत परिचित प्रकार होय. हे शुल्क बहुधा निधीच्या मालमत्तेतून, म्हणजे अखेर गुंतवणूकदारांच्याच पैशांतून दिले जाते. लेखापरीक्षकाची निवड मात्र त्यांचे विश्वस्त वा संचालक करतात. म्हणून पैसे देणाराच्या दृष्टीने या आकड्यांना विशेष महत्त्व आहे. शुल्क जाहीर करणे अ. सं. सं. मध्ये कायद्याने बंधनकारक असल्याने तेथे असे संग्रह विस्तृत प्रमाणावर तयार होऊ शकले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील व्यवस्थेचा विचार केला आहे.

निधींच्या हिशेबांची स्वतंत्र तपासणी [⟶ लेखापरीक्षा] १९४० च्या गुंतवणूक कंपनी अधिनियमाने तेथे आवश्यक केली. निधीच्या नावावरील रोखे खरोखर अस्तित्वात आहेत की नाहीत, याची अभिरक्षकाशी पत्रव्यवहार करून खातरजमा करणे, हे या तपासणीचे एक प्रमुख अंग होय. शुल्क किती दिले, हे मात्र दीर्घकाळ गुलदस्त्यातच राहिले. लेखापरीक्षेतर सेवांच्या शुल्काचे प्रमाण कंपन्यांनी जाहीर करावे, असा नियम रोखे व विनिमय आयोगाने १९७८ मध्ये केला. पण १९८२ मध्ये तो मागे घेण्यात आला. लेखापरीक्षा शुल्कावरील संशोधनाचा पाया घालणारा डॅन सिम्युनिक यांचा १९८० मधील निबंध त्यामुळेच कंपन्यांकडून प्रश्नावलीद्वारे मिळविलेल्या माहितीवर आधारावा लागला. नोव्हेंबर २००० मध्ये आयोगाने शुल्क प्रकट करण्याचा नवा नियम केला. एन्रॉन कंपनीने आर्थर अँडरसन या लेखापरीक्षक संस्थेस २००० सालाकरिता लेखापरीक्षेसाठी सु. २.५ कोटी व इतर सेवांसाठी सु. २.७ कोटी डॉलर दिले होते, ही गोष्ट पुढे फार गाजली. एन्रॉनच्या दिवाळखोरीनंतर २००२ मध्ये सार्बेन्झ-ऑक्सली अधिनियम संमत झाला आणि २००३ मधील नियमांनी शुल्काचे आजचे वर्गीकरण ठरले.

त्यानुसार निधी आपल्या वार्षिक अहवालाबरोबर ‘एन-सीएसआर’ या विवरणपत्रात मागील दोन वित्तीय वर्षांचे शुल्क चार वर्गांत देतात : लेखापरीक्षा, तत्संबंधित सेवा, कर व इतर. ही विवरणपत्रे आयोगाच्या ‘एडगार’ या संगणकीय संग्रहात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. काही खाजगी संस्था त्यांतील आकडे वेचून, सारणीबद्ध करून विकतात. प्रत्येक वर्षाचा आकडा दोनदा, म्हणजे एकदा चालू वर्ष म्हणून व पुढील अहवालात गतवर्ष म्हणून येत असल्याने दोन्ही ताडून पाहणे ही संग्रहाची सर्वांत सोपी व उपयुक्त तपासणी ठरते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो एककाबाबत. सामान्य कंपनी म्हणजे एक संस्था, एक ताळेबंद. निधींचे तसे नाही. नोंदणी होते ती न्यासाची, आणि एका न्यासाखाली अनेक निधी ‘मालिका’ म्हणून नांदतात. जाहीर शुल्क हे सामान्यतः नोंदणीकृत न्यासाचे एकत्रित शुल्क असते. वीस मालिकांच्या न्यासाची एकाच निधीच्या न्यासाशी तुलना केल्यास पहिला उधळ्या भासेल. शिवाय मालिकांची वित्तीय वर्षे निरनिराळ्या महिन्यांत संपत असतील, तर एकाच न्यासाची अनेक विवरणपत्रे येतात. त्यांतील रक्कम सर्व न्यासाची की केवळ त्या अहवालातील मालिकांची, हे मूळ मजकूर वाचूनच ठरवावे लागते. नुसती बेरीज केल्यास तीच रक्कम दोनदा मोजली जाण्याचा संभव असतो. प्रत्येक निधीच्या खर्चाच्या विवरणातही शुल्क आढळते. पण तेथे ते कधी कायदेविषयक खर्चात मिसळलेले असते, आणि विवरणातील खर्च हा उपार्जित, तर विवरणपत्रातील रक्कम देयक पाठविलेली असल्याने दोहोंत फरक पडतो. काही निधींत सल्लागार कंपनी एकत्रित मोबदल्यातून हा खर्च स्वतःच भागविते. तेथील शून्य म्हणजे लेखापरीक्षा फुकट झाली, असे नव्हे.

मालमत्तेच्या प्रमाणात शुल्क पाहण्याची प्रथाही जपूनच वापरावी लागते. केवळ उदाहरणादाखल, ५ कोटी डॉलरच्या निधीने २५,००० डॉलर दिले, तर प्रमाण ०.०५% पडते; ५०० कोटींच्या निधीने दुप्पट रक्कम देऊनही ते ०.००१% च राहते. कामाचा बराच भाग निधीच्या आकारावर अवलंबून नसतो. अल्पमुदती सरकारी रोख्यांचा मोठा निधी तपासण्यास सोपा, तर बाजारभाव नसलेले रोखे बाळगणारा छोटा निधी अवघड असू शकतो. यास्तव संशोधक मालमत्तेचा लॉगॅरिथम, मालिकांची संख्या, रोख्यांचा प्रकार व निधीसमूह यांचा एकत्र विचार करतात.

लेखापरीक्षेतर शुल्क अधिक दिसताच लेखापरीक्षकाच्या स्वातंत्र्याबद्दल शंका घेणे, हे निधींच्या बाबतीत उतावीळपणाचे आहे. करसवलतीसाठी निधीला आपल्या उत्पन्नाचा किमान ९०% भाग वाटावा लागतो. त्या हिशेबांची छाननी दरवर्षीच होते, म्हणून कर-शुल्क नेहमीचेच असते. खरी जोखीम बहुधा दुसरीकडे असते. तीच संस्था निधीच्या सल्लागार कंपनीकडून याहून कितीतरी मोठी मिळकत करीत असेल, तर निधीच्या आकड्यात ती दिसणार नाही. सल्लागार व त्याच्याशी संलग्न सेवासंस्था यांनी दिलेले लेखापरीक्षेतर शुल्क विवरणपत्रात वेगळे नोंदवावे लागते ते याचसाठी. दुर्दैवाने हीच रक्कम समूहातील प्रत्येक न्यासाच्या विवरणपत्रात पुनःपुन्हा येते. ती समूहागणिक एकदाच धरली पाहिजे. लेखापरीक्षक बदलताच शुल्क उतरले, तर त्यामागे स्पर्धा आहे की कामातील काटकसर, हे संग्रहातून कळत नाही.

भारतात १९९६ च्या म्युच्युअल फंडविषयक विनियमांनी लेखापरीक्षा शुल्क योजनेच्या आवर्ती खर्चांत मोडते असे ठरविले आणि निधीचा लेखापरीक्षक हा व्यवस्थापन कंपनीच्या लेखापरीक्षकाशी संबंधित नसावा, अशी अट घातली. येथील हिशेब योजनावार ठेवले जात असल्याने तुलनेचे स्वाभाविक एकक योजना हे ठरते. अमेरिकन न्यासांच्या आकड्यांशेजारी भारतीय योजनांचे आकडे मांडावयाचे झाल्यास प्रथम न्यासाचे शुल्क त्याच्या मालिकांत विभागून घ्यावे लागते.