डोंगरातलं पोरगं म्हणून ६०० मीटर!



पावसाळा लागला की शाळेत क्रीडा स्पर्धांच्या नोंदणीची धांदल सुरू होते. आधार शोधा, जन्मतारीख तपासा, फोटो चिकटवा. या गडबडीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आपण दोन मिनिटांत उरकतो : कोणत्या मुलाला कोणत्या प्रकारात उतरवायचं? मीही तसाच उरकला होता, आणि त्यात एका मुलाचं नुकसान केलं. ते सांगण्यासाठीच हा लेख.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वरवट बकालला मामाकडे राहून शिकणारा एक कोरकू मुलगा सातवीत होता. घर वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी त्याचं नाव १४ वर्षांखालील गटात ६०० मीटरला टाकलं. का? "डोंगरातलं पोरगं, दम असणारच." बाजूला बसलेले एक सहकारी म्हणाले, "थे आदिवासी पोट्टे थकत नाहीत सर, दिवसभर पयतात." आम्ही दोघंही हसलो आणि अर्ज भरला. त्याला एकदाही घड्याळ लावून पळवलं नव्हतं.

तालुक्याच्या मैदानावर पहिल्या दीडशे मीटरला तो सगळ्यांच्या पुढे होता, बराच पुढे. तीनशेला खांदे वर चढले, मान मागे गेली, आणि शेवटी सहावा आला. मी त्याला "दम वाढव रे" म्हणालो. दुपारी ४ × १०० रिलेत आमच्या तिसऱ्या पोराचा पाय मुरगळला, राखीव म्हणून याला उतरवलं. बॅटन हातात आलं तेव्हा आमची शाळा चौथी होती, त्याने पुढे दिलं तेव्हा दुसरी. सकाळी ६०० मीटर पळून थकलेल्या पायांनी! मैदानावरच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, असं म्हणणार नाही. पण घरी जाताना चुकचुकत राहिलं. मी त्या मुलाला पाहिलंच नव्हतं, त्याच्या समाजाला पाहिलं होतं.

ही चूक फक्त माझी किंवा गावाकडची नाही. आपल्या देशाने ती सरकारी पातळीवर करून पाहिली आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 'स्पेशल एरिया गेम्स' नावाच्या योजनेत सिद्दी समाजातली मुलं निवडली. सिद्दी म्हणजे काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आलेल्या, बहुतेक करून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. मुरूडच्या जंजिऱ्यामुळे हे नाव आपल्याला परकं नाही. आज त्यांची वस्ती मुख्यतः गुजरातमध्ये आणि कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे, आपल्या सीमाभागाला लागून. कल्पना सरळ होती : आफ्रिकन वंशाचे लोक ऑलिम्पिकमध्ये धावण्यात जिंकतात, सिद्दी आफ्रिकन वंशाचे आहेत, म्हणून सिद्दी मुलं घ्या.

यातला पहिला घोळ भूगोलाचा. जमैका आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्प्रिंटरांचे पूर्वज प्रामुख्याने पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. सिद्दींचे पूर्वज बहुतांशी पूर्व आफ्रिकेच्या बाजूचे. आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. दुसरा घोळ जास्त गंभीर. मुलं चांगली पळत होती, काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकंही मिळवली. पण १९९३च्या सुमारास सिद्दींसाठीचा हा कार्यक्रम बंद पडला आणि बरीच मुलं गावी, मजुरीला परतली. वंश तोच राहिला होता, रक्तही तेच होतं. प्रशिक्षक, वसतिगृह, खुराक आणि पुढच्या नोकरीची आशा, एवढंच काय ते गेलं. वेग कुठून येत होता, हे यावरून तुम्हीच ठरवा.

आता ज्यांच्याकडे पाहून हे सगळं सुचलं, त्या जमैकाकडे जरा थांबून बघू. हा देश जेमतेम २८ लाख लोकांचा, म्हणजे लोकसंख्येने साधारण आपल्या बुलडाणा जिल्ह्याएवढाच. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या १०० मीटरची तिन्ही पदकं या देशाने नेली. लोक म्हणतात, रक्तच तसं. मग नायजेरियाचं काय? तिथली लोकसंख्या २० कोटींच्या वर, वंशाचं मूळ बरंचसं तेच, तरी स्प्रिंटमध्ये जमैकाची बरोबरी नाही.

जमैकाकडे आहे ती शाळा. तिथे १९१० पासून माध्यमिक शाळांची एक मोठी स्पर्धा होते, लोक तिला नुसतं 'चॅम्प्स' म्हणतात. मुलींची स्पर्धा १९५७ पासून सुरू झाली. किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम या शाळकरी पोरांसाठी भरतं, माजी विद्यार्थी आपल्या शाळेचे रंग घालून ओरडतात. आपल्याकडे शंकरपटाला जशी गर्दी होते, तशी तिथे नववी-दहावीच्या मुलांच्या रिलेला होते. शिवाय १९८० मध्ये क्युबाच्या मदतीने तिथे शारीरिक शिक्षणाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. तिथे शिकलेले शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले. म्हणजे खेड्यातलं पोरगं वेगात पळालं तर ते ओळखणारा कोणीतरी मैदानावर हजर असतो. उसेन बोल्ट असाच एका ग्रामीण शाळेतला, आधी क्रिकेट खेळणारा. २००२ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, तो २०० मीटरमध्ये ज्युनिअर विश्वविजेता झाला. गंमत म्हणजे एवढा उंच मुलगा १०० मीटरचा नाही, असं त्याच्या प्रशिक्षकालाही वाटत होतं. बोल्टने हट्ट धरला म्हणून २००७ मध्ये तो १०० पळाला, आणि पुढच्याच वर्षी विश्वविक्रम केला. शरीर पाहून प्रकार ठरवणारा मी एकटाच नाही, एवढाच काय तो दिलासा!

मग अनुवंश काहीच नाही का? असतो. स्नायूंमध्ये वेगाने आकसणारे तंतू आणि सावकाश पण खूप वेळ टिकणारे तंतू असे दोन मुख्य प्रकार असतात. कोणाकडे कशाचं प्रमाण जास्त, यात आईवडिलांचा वाटा आहेच. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एसीटीएन-३ नावाच्या जनुकाचा वेगाशी संबंध दाखवला. वर्तमानपत्रांनी त्याला 'वेगाचं जनुक' करून टाकलं. पण त्याचं वेगाला पूरक रूप आफ्रिकेत जवळजवळ सगळ्यांकडे सापडतं. त्यात लांब पल्ल्याचे केनियन धावपटूही आले आणि कधीच न पळणारा तिथला कारकूनही आला. आशियातही अंदाजे चारांतल्या तिघांकडे त्याची निदान एक प्रत असते. चीनचा सू बिंगतियान टोकियोत १०० मीटर ९.८३ सेकंदांत पळाला. तेव्हा या जनुकावरून तुमच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल काहीही सांगता येत नाही. आडनावावरून तर नाहीच.

उलटही होतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं, आणि आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं की आदिवासी मुलं म्हणजे लांब पल्ला. कविताच्या मागे नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखा लांब पल्ल्याचा प्रशिक्षक वर्षानुवर्षं उभा होता, हे मात्र आपण विसरतो. तिथे स्प्रिंटचा तसाच प्रशिक्षक असता, तर आज आपण कदाचित वेगळंच काहीतरी ठामपणे सांगत असतो.

वर्गात दिसणाऱ्या वेगाचं मोठं कारण बऱ्याचदा वयात दडलेलं असतं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास, आणि त्यातही एकेकाचा दोन वर्षांचा मागेपुढे फरक. १४ वर्षांखालील गटात मिसरूड फुटलेला आणि अजून बालवाडीतला वाटणारा, असे दोघं एकाच रेषेवर उभे राहतात. पहिला जिंकतो, आपण त्याला 'टॅलेंट' म्हणतो. दोन वर्षांनी दुसरा वाढतो, पण तोवर त्याने मैदान सोडलेलं असतं. त्यात आपल्याकडची १ जून! दाखल खारीज रजिस्टर उघडून बघा, अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं सापडेल. ती तारीख गुरुजींनी लावलेली, मुलाच्या हाडांना ती माहीत नसते. म्हणून नंबर कितवा आला यापेक्षा त्याच मुलाची मागच्या वेळेपेक्षा किती सुधारणा झाली, ते पाहावं.

मुलींचं तर वेगळंच आहे. सहावीत सगळ्या पोरांना मागे टाकणारी मुलगी आठवीत "सर, मी नाही पळत" म्हणते. तिचा वेग कमी झालेला नसतो. पाळी सुरू झालेली असते, शॉर्ट घालायला घरचे नाही म्हणतात, मैदानावर स्वच्छतागृह नसतं, सोबत बाई नसतात. ट्रॅकपँट आणि सोबतीला एक मॅडम, एवढ्यावर आमच्या दोन मुली टिकल्या. पालकांनी या बाबतीत शाळेला प्रश्न विचारावेत, आम्हाला राग येणार नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, फार मोठं काही नाही. फक्कीने ३० मीटरच्या दोन रेषा मारतो आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला पळवतो. प्रत्येकाला, फक्त 'चपळ' दिसणाऱ्यांना नाही. दोन वेळा पळवायचं, मध्ये चांगली विश्रांती, आणि चांगली वेळ वहीत लिहायची. महिन्यातून एकदा. काळ्या मातीत चिखल असेल तर त्या दिवशी नाही. हातातल्या घड्याळात चूक होतेच, म्हणून वेळ घेणारा शक्यतो एकच माणूस ठेवावा. दुसऱ्या दिवशी ६०० मीटर. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की कोण कशाचा आहे हे वही सांगते. मला तर तीन-चार वेळा अगदी उलटं सांगितलंय. रोज पळवत मात्र नाही. या वयात लंगडी, खो-खो, साखळी यातून जो वेग येतो, तो शंभर मीटरच्या चकरांतून येत नाही.

त्या कोरकू मुलाची वेळ मी रिलेनंतर घेतली : ३० मीटर ५.१ सेकंद, वर्गात पहिला. ६०० मीटरला अकरावा. दिवाळीनंतर त्याचे आईवडील कामाला बाहेरगावी गेले, तोही गेला, आणि वहीत चार महिन्यांचे रकाने कोरे राहिले. होळीनंतर परत आला तेव्हा ५.३. आता तो हायस्कूलला नववीत आहे. तिथल्या क्रीडाशिक्षकांना मी वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. त्यांनी यंदा त्याचं नाव १०० आणि २०० मीटरला टाकलंय. तालुक्याच्या स्पर्धा अजून व्हायच्या आहेत. यंदा दिवाळीत मामाने त्याला इथेच ठेवून घ्यावं, यासाठी परवा मी त्यांच्या घरी जाऊन आलो. "पाहू सर" म्हणाले.