भाड्याचं गाणं, घरचं गाणं

(नवीन जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मोबाईलातल्या गाण्यांशी काय घेणं आहे? घेणं आहे. एखादी वस्तू 'माझी' आहे म्हणजे नेमकं काय, आणि एखादी वस्तू 'तीच' आहे हे कशावरून ठरवायचं, हे दोन्ही प्रश्न फार जुने आहेत. आज ते आपल्या हातातल्या फोनमध्ये येऊन बसलेत, इतकंच.

आज बहुतेक घरांत गाण्यांचे दोन साठे असतात. एक महिन्याच्या वर्गणीचा: स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, यांपैकी काहीतरी. दुसरा घरचा: जुन्या सीड्यांवरून उतरवलेल्या फाइली, पेनड्राइव्हवरची नाट्यगीतं, कपाटात पडलेल्या कॅसेटी. मुलं म्हणतात, सगळं तर ऑनलाइन आहे, हा पसारा कशाला? वडीलधारी म्हणतात, आमचं आम्हाला पुरे, दर महिन्याला पैसे कशाला? आमचं म्हणणं असं की दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. हे दोन साठे एकत्र नांदवता येतात. मात्र त्याआधी त्यांच्यातला भेद नीट समजला पाहिजे.

वर्गणी भरतो तेव्हा आपण गाणं विकत घेत नाही, ऐकण्याची परवानगी घेतो. 'डाउनलोड' केलेलं गाणं फोनमध्ये दिसतं खरं, पण ते कुलूपबंद असतं आणि किल्ली कंपनीकडे असते. वर्गणी थांबली की कुलूप उघडत नाही. शिवाय कंपनीकडेसुद्धा ते गाणं स्वतःचं नसतं. तिने ते ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराकडून कराराने घेतलेलं असतं. मार्च 2023 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार जुळला नाही, तेव्हा झीची गाणी काही काळ तिथून नाहीशी झाली. गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये बंद झालं, विंक 2024 मध्ये. यात कुणी कुणाला फसवलं असं नाही. भाड्याचं घर सोडावं लागतं, तसंच हे.

आपण जालन्याची माणसं, बियाण्यांच्या गावातली. 1964 साली इथे महिको उभी राहिली आणि संकरित बियाणं घरोघरी पोचलं. त्याचा नियम आपल्याला माहीत आहे: पीक चांगलं येतं, पण त्या पिकातलं दाणं पुढच्या वर्षी पेरून तसं पीक येत नाही. दर हंगामाला नवी पिशवी घ्यावी लागते. घरचं देशी बियाणं मात्र कणगीत राखता येतं, शेजाऱ्याला पसाभर देता येतं. शहाणा शेतकरी पिशवीही आणतो आणि घरचं थोडं राखूनही ठेवतो. वर्गणीचं गाणं म्हणजे पिशवी. कुठली गाणी कणगीत ठेवायची, एवढं ठरवणं आपलं काम.

आता थोडं शास्त्र. आपल्या परंपरेत एक मोठा वाद आहे: शब्द नित्य की अनित्य? मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चार केला की तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो. नैयायिक म्हणतात, छे, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मीमांसकांपुढे वेदवाणी होती, मोबाईल नव्हता, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी बघा, वर्गणी भरणारा माणूस नकळत मीमांसक होतो. त्याला वाटतं, गाणं कुठेतरी कायमचं आहेच, बोट लावलं की प्रकट होईल. कॅसेट जपणारा नैयायिक असतो. नाद जन्मतो तसा मरतो, म्हणून तो त्याला धरून ठेवू पाहतो. अनुभव कुणाच्या बाजूने आहे? ज्या गाण्यामागे बाजार आहे, तिथे मीमांसक बराचसा जिंकतो. ज्यामागे बाजार नाही, तिथे नैयायिकाचंच खरं ठरतं.

दुसरा प्रश्न: 'तेच गाणं' म्हणजे कोणतं? गीतरामायण घ्या. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर चाललं. गदिमांची 56 गीतं, संगीत सुधीर फडक्यांचं. आकाशवाणीवर ही गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायली. पुढे घराघरांत पोचली ती मुख्यतः बाबूजींच्या आवाजातली. शब्द तेच, चाल तीच, मग गाणं एकच का? रचना म्हणून एक, पण ध्वनिमुद्रण म्हणून दोन. न्यायाच्या भाषेत बोलायचं तर जाती एक, व्यक्ती वेगळ्या. आणि आपलं प्रेम बहुतेक वेळा व्यक्तीवर असतं. अमुक मैफलीतली ती जागा, अमुक वेळी आलेली श्रोत्यांची दाद, हे रचनेत कुठे लिहिलेलं नसतं.

ही नुसती चर्चा नाही, व्यवहारात तिचा फटका बसतो. ॲपल म्युझिक आपल्या फाइली स्वतःच्या भांडाराशी ताडून पाहतं. जुळलं असं वाटलं की आपली फाइल चढवत नाही, आपल्या नावापुढे स्वतःची प्रत जोडतं. दुसऱ्या उपकरणावर आपण उतरवून घेतो ती त्यांची प्रत. यंत्राने मैफलीचं ध्वनिमुद्रण स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाशी जुळवलं, तर यंत्राच्या लेखी काही बिघडलं नाही, पण आपली व्यक्ती हरवली. म्हणून पहिला नियम: साठे जोडा, पण मूळ फाइल कधीही पुसू नका.

जोडायचे कसे? तीन वाटा आहेत.

पहिली, एकाच ॲपमध्ये दोन्ही ठेवणं. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये 'लोकल फाइल्स' सुरू केलं की उपकरणावरची आपली गाणी त्यांच्या गाण्यांशेजारी दिसतात. फाइल तिथेच राहते, कंपनीकडे जात नाही.

दुसरी, आपली गाणी कंपनीच्या साठ्यात चढवणं. यूट्यूब म्युझिक आणि ॲपल म्युझिक, दोन्हीकडे मर्यादा 1,00,000 गाण्यांची आहे, म्हणजे घरगुती माणसाला भरपूर. सोय मोठी, कुठूनही ऐकता येतं. पण हे दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेलं धान्य आहे. गोदामाची पावती म्हणजे कणगी नव्हे.

तिसरी, दोन्ही वेगळे ठेवणं. वर्गणीचं ॲप नवं शोधायला, आणि व्हीएलसीसारखं फुकट ॲप आपलं ऐकायला. ज्यांना खटपटीची आवड आहे त्यांनी घरच्या संगणकावर जेलीफिन बसवावं, म्हणजे आपलंच छोटं केंद्र होतं. ज्येष्ठांना आम्ही ही तिसरी वाट सुचवतो. ती सगळ्यांत साधी आहे, आणि काय आपलं नि काय भाड्याचं हे डोळ्यांसमोर राहतं.

आता कणगीत काय ठेवायचं? लताबाईंची चित्रपटगीतं नाही राखली तरी चालेल, त्यांची राखण करायला मोठमोठ्या कंपन्या बसल्या आहेत. पण गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाची काकडआरती, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नात टेपवर घेतलेली मामांची लावणी, हे कोणत्या वर्गणीत मिळणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, आणि आज 'पारी'च्या संकेतस्थळावर तो एक लाखाहून अधिक ओव्यांचा ठेवा आहे. त्या बायांचे आवाज राहिले, कारण कुणीतरी दारात जाऊन बसलं. आपल्या घरच्या टेपसाठी बाहेरून कुणी येणार नाही.

कॅसेटची फीत ऊन, दमट हवा आणि बुरशी यांनी खराब होते, आणि आपला उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. काम अवघड नाही. चालू टेपरेकॉर्डर, त्यापासून संगणकापर्यंत एक वायर, आणि 'ऑडॅसिटी' नावाचं फुकट सॉफ्टवेअर. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. मूळ प्रत 'फ्लॅक'मध्ये ठेवावी, त्यात आवाजातलं काही गळत नाही. ऐकायला एमपी3 पुरे. 320च्या दर्जाने मिनिटाला सुमारे 2.4 एमबी, म्हणजे एका कॅसेटचे साधारण 144 एमबी. नखाएवढ्या 128 जीबीच्या कार्डावर आठशेच्या वर कॅसेटी मावतात. आणि हो, प्रती तीन करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरी. एक प्रत म्हणजे प्रत नाहीच असं समजा.

सगळ्यांत महत्त्वाचं, नाव लिहा. कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, पेटीवर कोण, निमित्त काय. 'ट्रॅक 01' अशी फाइल म्हणजे पाटी नसलेली समाधी. आवाज यंत्र उतरवेल, पण तो कुणाचा हे आज हयात असलेला माणूसच सांगू शकतो. फीत अजून काही वर्षं टिकेल, आवाज ओळखणारे किती टिकतील, हा हिशेब आमच्या वयाला नीट कळतो.

एक सूचना कायद्याची. आपल्या 1957 च्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. गीत आणि चालीचा हक्क त्याहून वेगळा मोजतात. तेव्हा घरी स्वतःसाठी ऐकणं निराळं आणि विकत घेतलेली कॅसेट उतरवून गावभर वाटणं निराळं. घरच्या माणसाचा आवाजही त्याला, नाहीतर त्याच्या माणसांना विचारूनच बाहेर द्यावा.

अपरिग्रहाचं काय, असं कुणी विचारेल. संग्रह सोडा, हेच ना आपलं तत्त्वज्ञान? आम्हाला वाटतं, जे आपल्यावाचूनही राहणार आहे त्याचा हव्यास सोडणं हा अपरिग्रह. जे आपण सोडलं की कायमचं संपणार आहे, ते सांभाळणं ही विश्वस्ताची जबाबदारी आहे. वर्गणी खुशाल भरा, जगभरचं गाणं ऐका. फक्त या आठवड्यात कपाटातली एक कॅसेट काढा, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ती ऐकवा, आणि ते जी नावं सांगतील ती लिहून घ्या.

आता आपले प्रश्न घेऊ.