मुदतीची हुंडी
(संघबांधणीचे कारभारी : लेखांक चौथा)

गेल्या लेखांकात अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या ‘ड्राफ्ट’चा जुना शिरस्ता आपण पाहिला. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून पहिली निवड करण्याचा हक्क मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला, आणि अखेरची निवड शिखरावर राहिलेल्याला. म्हणजे दुर्बळाला बळ मिळावे आणि बलिष्ठाची मक्तेदारी कालांतराने आपोआप मोडावी, असा त्या योजनेचा हेतू आहे. हा कायदा अमलात असतानाच बोस्टन सेल्टिक्स या एका संघाने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवावीत, आणि त्यांतील आठ ओळीने मिळवावीत, ही घटना कायद्याच्या हेतूशी इतकी विसंगत आहे, की तिचा उलगडा केवळ त्या संघाच्या क्रीडानैपुण्यात शोधून भागत नाही. तो त्यांच्या कारभाऱ्याच्या दप्तरात शोधावा लागतो.

हे कारभारी म्हणजे आर्नल्ड ऊर्फ रेड आउअरबाख. मिन्स्कहून अमेरिकेत येऊन कपडे धुण्याचा व्यवसाय करणाऱ्या पित्याच्या पोटी १९१७ साली ब्रुकलिनमध्ये त्यांचा जन्म झाला. १९५० साली मालक वॉल्टर ब्राउन यांनी त्यांना बोस्टनला आणले, तेव्हा खेळाडू पारखण्यासाठी देशभर हिंडणाऱ्या निरीक्षकांचा ताफा वगैरे काही नव्हते. प्रशिक्षक, निवडकर्ता आणि करारमदार करणारा मुखत्यार या तिन्ही अधिकारांची वस्त्रे एकाच माणसाच्या अंगावर होती. १९६६ पर्यंत ते प्रशिक्षक राहिले आणि पुढे १९८४ पर्यंत व्यवस्थापक. त्यांच्या गुणग्राहक दृष्टीची स्तुती अमेरिकेत पुष्कळ झाली आहे. मला मात्र ती स्तुती अर्धवट वाटते, कारण त्यांची पहिलीच मोठी निवड सरळसरळ चुकली होती.

वूस्टरच्या होली क्रॉस महाविद्यालयाचा बॉब कूझी हा चेंडू हाताळण्यात जादूगार समजला जाणारा तरुण १९५० साली उपलब्ध होता, आणि तो घरचा म्हणून बोस्टनच्या जनतेचा व वृत्तपत्रांचा त्याच्याविषयी मोठा आग्रह होता. आउअरबाख यांनी तो आग्रह साफ झिडकारून पहिल्या हक्कावर चार्ली शेअर या जवळजवळ सात फूट उंचीच्या सेंटरला निवडले. (त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत त्यांच्या संघाने चक कूपर याला घेतले; त्या लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.) कूझीचा हक्क दुसऱ्या संघाकडून शिकागोकडे गेला, शिकागोचा संघ बुडाला, आणि त्याच्या तीन खेळाडूंची नावे एका टोपीत टाकून तीन मालकांनी चिठ्ठ्या उचलल्या, तेव्हा वॉल्टर ब्राउन यांच्या हाती कूझीच्या नावाची चिठ्ठी आली. नाकारलेला खेळाडू असा दैवाने पदरात टाकला. इकडे शेअर बोस्टनसाठी एकही सामना न खेळता प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. पण त्याच्यावरील कागदोपत्री हक्क बोस्टनकडेच शिल्लक होता, आणि तोच हक्क १९५१ साली फोर्ट वेनला देऊन आउअरबाख यांनी मोबदल्यात बिल शर्मन हा अचूक नेमबाज मिळवला. कूझी आणि शर्मन ही जोडी पुढे दहा वर्षे बोस्टनच्या आक्रमणाचा कणा झाली.

त्यांच्या पद्धतीचे मर्म या प्रकरणात सापडते. ड्राफ्टमधील निवड हा खेळाडूच्या गुणांविषयीचा अखेरचा निवाडा आहे, असे इतर संघचालक समजत. आउअरबाख तिला मुदतीची हुंडी समजत. हुंडी आज वटली नाही म्हणून पेढीवाला ती फाडून टाकत नाही. तो मुदत पाहतो आणि ज्याला तिची निकड आहे अशा गिऱ्हाइकाची वाट पाहतो.

१९५३ साली त्यांनी केंटकी विद्यापीठाच्या फ्रँक रॅम्झी, क्लिफ हेगन आणि लू त्सिओरोपुलस या तिघांना निवडले. ज्या वर्गाबरोबर खेळाडूने महाविद्यालयात प्रवेश केला तो वर्ग पदवीधर झाला, की त्याचे खेळणे शिल्लक असले तरी तो निवडीस पात्र ठरतो, असे एक कलम होते. आणि केंटकीवर एका हंगामाची बंदी आल्यामुळे या तिघांचे एक वर्ष शिल्लक राहिले होते. एक वर्ष वाट पाहावी लागणारा माल घेण्यास सामान्य संघचालक नाखूश असतो, तेथे आउअरबाख यांनी तीन हुंड्या एकदम घेऊन ठेवल्या. त्यांपैकी हेगन पदवीनंतर लष्करी नोकरीत गेला. म्हणजे १९५६ साल उजाडले तरी बोस्टनने त्याचा खेळ मैदानावर पाहिला नव्हता.

१९५६ चा व्यवहार या लेखमालेतील सर्वांत प्रसिद्ध व्यवहार आहे. बोस्टनचा संघ त्या काळी गुण पुष्कळ मिळवी आणि विजेतेपद कधीच मिळवीत नसे. कारण हुकलेला चेंडू फळ्यावरून परत आला की तो झेलणारे कोणी नव्हते, आणि चेंडूच हाती नसेल तर कूझीच्या वेगवान चढाईला प्रारंभ कोठून व्हावा? आउअरबाख यांचे महाविद्यालयीन गुरू बिल रायनहार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बिल रसेलचा खेळ पाहून त्याचे नाव त्यांना सुचवले होते. रसेल नेमबाज नव्हता, आणि गुणांचे तक्ते पाहून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांना तो अपुरा वाटे. पण प्रतिपक्षाचे नेम अडवणे आणि परतलेला चेंडू हस्तगत करणे यांत त्याला तोड नव्हती. बोस्टनची पाळी मात्र फार खाली होती. पहिला हक्क रॉचेस्टरचा होता, परंतु मॉरिस स्टोक्स हा चेंडू झेलणारा समर्थ खेळाडू त्यांच्याकडे आधीच होता आणि रसेलचे मोल त्यांना परवडण्याजोगे नव्हते. त्यांनी सिह्यूगो ग्रीनला घेतले. दुसरा हक्क सेंट लुइसचा. बोस्टनचा लोकप्रिय सेंटर एड मॅकॉली मूळचा सेंट लुइसचा, त्याचे मूल गंभीर आजारी, आणि त्यालाही घरी परतणे हवेसेच होते. सेंट लुइसने मॅकॉलीबरोबर आणखी एक खेळाडू मागितला, तेव्हा आउअरबाख यांनी तीन वर्षे पेटीत ठेवलेली हेगनची हुंडी बाहेर काढली आणि त्या दुसऱ्या हक्कावर रसेल मिळवला. त्याच ड्राफ्टमध्ये आपल्या परिसरातील खेळाडू घेण्याच्या प्रादेशिक हक्काने टॉम हाइन्सन आणि दुसऱ्या फेरीत रसेलचा विद्यापीठातील सोबती के. सी. जोन्स हेही बोस्टनच्या पदरात पडले. मेलबर्नच्या ऑलिंपिकमुळे रसेल डिसेंबरात रुजू झाला, आणि त्याच हंगामाअखेर, १९५७ साली, बोस्टनला पहिले विजेतेपद लाभले.

या व्यवहारात सेंट लुइस फसले, असे सर्रास लिहिले जाते. ते अन्यायाचे आहे. १९५८ च्या अंतिम मालिकेत सेंट लुइसनेच बोस्टनला हरवले, आणि त्या विजयी संघात मॅकॉली होता, हेगन होता, इतकेच काय, आठ वर्षांपूर्वी आउअरबाख यांनी निवडलेला तो चार्ली शेअरही होता! त्यांना जे तत्काळ हवे होते ते मिळाले. आउअरबाख यांना जे हवे होते त्याला मुदत अधिक होती, एवढाच भेद.

पुढील दशकात बोस्टनची पाळी नेहमीच अखेरची, तरी सॅम जोन्स १९५७ साली आणि जॉन हॅव्लिचेक १९६२ साली त्याच अखेरच्या पाळीत आले. जोन्सचा खेळ तर आउअरबाख यांनी स्वतः पाहिलाही नव्हता, परिचिताच्या शिफारशीवर त्यांनी भिस्त ठेवली. रॅम्झी व त्याच्या मागून हॅव्लिचेक यांना प्रारंभीच्या पाचांत न घालता सहावा म्हणून उतरवण्याची प्रथाही त्यांचीच. १९६६ साली प्रशिक्षकपद सोडताना त्यांनी ते रसेलकडे सोपवले आणि तो लीगचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला.

१९७८ साली बोस्टनकडे सहावी निवड होती. इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड पूर्वी इंडियाना विद्यापीठात दाखल होऊन महिन्याभरात घरी परतला होता. त्यामुळे त्याचा मूळ वर्ग पदवीधर झाला होता आणि त्याचे एक वर्ष शिल्लक होते. कलम तेच, केंटकीच्या त्रिकुटाचे. पाच संघांनी त्याला वगळले, कारण तो महाविद्यालयात परतणार हे उघड होते, आणि पुढील ड्राफ्टच्या आत करार न झाल्यास हक्क बुडणार होता. आउअरबाख यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचा डाव पुन्हा टाकला आणि १९७९ च्या जूनमध्ये, मुदत संपण्याच्या बेतात, पाच वर्षांच्या करारावर बर्डची सही घेतली. आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेला संघ बर्डच्या पहिल्याच हंगामात ६१ जिंकला. ते कलम लीगने पुढे बदलून टाकले.

दरम्यान मालकी बदलली होती. नवे मालक जॉन ब्राउन (पहिल्या ब्राउनांशी यांचा संबंध नाही) यांनी १९७९ साली आउअरबाख यांची मसलत न घेता पहिल्या फेरीचे तीन हक्क न्यूयॉर्कला देऊन बॉब मॅकाडू याला आणले. कारभाऱ्याच्या सहीशिवाय असा खजिना रिता व्हावा, हे इतके जिव्हारी लागले की आउअरबाख बोस्टन सोडण्याच्या बेतात होते. पण ते राहिले, आणि ब्राउनच त्या वर्षी हिस्सा विकून गेले. मग डेट्रॉइटचा एम. एल. कार बोस्टनला आला, त्याच्या भरपाईच्या वाटाघाटीत मॅकाडू डेट्रॉइटला गेला, आणि उलट डेट्रॉइटकडून १९८० च्या पहिल्या फेरीचे दोन हक्क बोस्टनला मिळाले. डेट्रॉइट त्या हंगामात रसातळाला गेल्यामुळे त्यांपैकी एक थेट पहिल्या क्रमांकाचा ठरला. तो स्वतः वापरण्याचा मोह आउअरबाख यांना झाला नाही. पहिला व तेरावा हे दोन्ही हक्क गोल्डन स्टेटला देऊन त्यांनी रॉबर्ट पॅरिश आणि तिसरा हक्क घेतला, व त्या हक्कावर केव्हिन मॅकहेल निवडला. बर्ड, पॅरिश व मॅकहेल या त्रयीने १९८१, १९८४ आणि १९८६ ची विजेतेपदे मिळवली. १९७८ च्या ड्राफ्टमध्ये बर्डच्या आधी निवडला गेलेला रिक रोबी यथावकाश बोस्टनमध्ये आला आणि १९८३ साली त्याच्या मोबदल्यात फिनिक्सकडून डेनिस जॉन्सन मिळाला, ही पुरवणी जोडण्याचा मोह मात्र मला आवरत नाही.

१९८४ साली जेराल्ड हेंडरसनला सिॲटलकडे पाठवून बोस्टनने १९८६ चा एक हक्क मिळवला, आणि विजेत्या संघाच्या हाती त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाची निवड आली. अशा वैभवाची उदाहरणे थोडी. त्यावर त्यांनी मेरीलँडचा लेन बायस निवडला. दोन दिवसांनी, १९ जून १९८६ रोजी, कोकेनच्या सेवनाने बायस मरण पावला. बोस्टनचे पुढील विजेतेपद २००८ साली आले. आउअरबाख त्याआधी दोन वर्षे निवर्तले होते.

तोवर नियमही पालटले होते. १९८४-८५ च्या हंगामापासून वेतनावर मर्यादा आली आणि १९८५ पासून वरच्या निवडींसाठी सोडत सुरू झाली, त्यामुळे मुदतीचे व्यवहार केवळ धीरावर निभेनात. त्यांना वेतनाच्या जमाखर्चाचीही जोड लागू लागली. या नव्या व्यवस्थेत लॉस एंजेलिसचे जेरी वेस्ट यांनी १९९६ साली व्लादे दिवात्स हा आपला सेंटर शार्लटला देऊन त्यांच्याकडून तेराव्या क्रमांकावर निवडलेला एक अठरा वर्षांखालचा शाळकरी मुलगा, कोबी ब्रायंट, कसा घेतला, हे पुढील लेखांकी पाहू.