फक्त छत्तीस!

आधीच सांगून टाकतो. माझ्या कॅमेऱ्याला झूम नाही, ऑटोफोकस नाही, मागे स्क्रीन नाही. फोटो आवडला नाही तर डिलीट करायची सोयही नाही. एका रोलमध्ये ३६ फोटो, बस्स! ऑफिसात हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी अजून पाट्या-वरवंट्यावर चटणी वाटतो. पण बॉस, रेंजफाइंडरचा नाद एकदा लागला की सुटत नाही.

दोन नाकांचं एक नाक

रेंजफाइंडर म्हणजे काय? एसएलआर कॅमेऱ्यात आरशामुळे तुम्ही थेट लेन्समधून बघता. इथे आरसाच नाही. लेन्सच्या वर एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. थोड्या अंतरावर आणखी एक छोटी खिडकी. दोन्हींतून दिसणारी चित्रं मधल्या चौकोनात एकावर एक पडतात. फोकस नसेल तर समोरच्या माणसाला दोन नाकं! लेन्सची कडी फिरवत राहायची. दोन नाकांचं एक झालं की समजायचं, फोकस झाला.

हे खूळ जुनं आहे. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बर्नाकने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये तो 'लायका' नावाने बाजारात आला. १९३२ च्या 'लायका टू'मध्ये रेंजफाइंडर थेट लेन्सला जोडला गेला. १९५४ चा 'एम३' तर शौकिनांचा देवच. आणि हे सगळं काही म्युझियममध्ये जमा झालेलं नाही. १९८४ चा 'एम६' कंपनीने २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला!

आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर असाच लायका घेऊन भारतात आला होता. ३० जानेवारी १९४८ ला तो गांधीजींना भेटला. त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. बिर्ला हाऊसच्या फाटकाजवळ नेहरू ती बातमी लोकांना सांगताहेत, तो अंधूक, हललेला फोटो त्याचाच. तिथे दुसरा चान्स नव्हता.

गरिबांचा लायका

लायकाची किंमत ऐकली तर ईएमआय आठवतो. माझ्याकडे आहे कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री. १९७२ मध्ये आलेलं हे मॉडेल. हौशी मंडळी प्रेमाने त्याला 'गरिबांचा लायका' म्हणतात. ४० मिमीची लेन्स, अॅपर्चर १.७, त्यामुळे कमी उजेडातही काम भागतं. मामाने मस्कतहून आणला होता, नंतर कित्येक वर्षं कपाटात पडून. साफसफाई करून घेतली आणि पठ्ठ्या चालू!

आता मुद्द्याचं. गिरगावातली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला चालली आहे. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या. बाबा जन्मापासून तिथेच. मोबाइलवर सगळ्यांनी धडाधड फोटो काढले. ग्रुपवर हजारेक पडले असतील. पण मोबाइल वर केला की माणसं सावरून बसतात, पदर नीट होतो, दात दिसतात. आमची चाळ अशी कधीच नव्हती.

आमच्या मजल्यावर १८ खोल्या. रोलमध्ये फ्रेम ३६. एका खोलीला दोन. हिशोब जुळला!

पण दोनच फोटो काढायचे म्हटल्यावर नुसतं दारात उभं राहून भागत नाही. आत जाऊन बसावं लागतं. चहा होतो, कोणाचं लग्न कुठल्या गच्चीवर लागलं ते कळतं, कोण कोणाशी किती वर्षं बोलत नाही तेही कळतं. मग या घरातलं नेमकं काय जपायचं ते ठरतं.

"काढ की रे आता, किती वेळ नुसता बघतोस?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"काढला, काकू."

"अगं बाई! आवाजच नाही आला!"

आरसा नाही, म्हणून खटॅक नाही. शटर नुसतं कुजबुजतं. दुसरी गंमत म्हणजे खिडकीतल्या चौकटीच्या रेषेबाहेरचंही थोडं दिसतं. गॅलरीतून पाण्याची कळशी घेऊन येणारे काका मला रेषेबाहेर आधीच दिसले. थांबलो. ते रेषेच्या आत आले, तेव्हा बटण दाबलं.

सुरुवात करताय?

* मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारा. शटर सगळ्या स्पीडवर चालवून बघा. खिडकीतला मधला चौकोन स्पष्ट दिसतोय ना, तेही तपासा.

* मागच्या दाराच्या कडेचा फोम जुना होऊन चिकट झालेला असतो. तो बदलून घ्या, नाहीतर फिल्मवर प्रकाश शिरतो.

* कॅनोनेटचा जुना पाऱ्याचा सेल आता बनत नाही. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल चालतो, तो नीट बसवून घ्या. सेल नसला तरी हाताने सेटिंग करून फोटो निघतात.

* लख्ख उन्हात ४०० आयएसओची फिल्म असेल तर शटर १/५००, अॅपर्चर १६. बाकीचं दोन रोलनंतर बोटांनाच कळतं.

* लेन्सवरचं झाकण काढलंय ना, हे दरवेळी बघा. खिडकी वेगळी असल्यामुळे झाकण असलं तरी समोरचं सगळं छान दिसत राहतं!

* रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून दोघांच्या मल्टिप्लेक्सइतका खर्च येतो, पॉपकॉर्नसकट. बजेट ठरवून घ्या.

* शेवटची फ्रेम उगाच रोल संपवायचा म्हणून उडवू नका. माझ्या ३४ झाल्या आहेत. उरलेल्या दोन आमच्या खोलीच्या. एक बाबा रोजच्या खुर्चीत पेपर वाचत असताना. दुसरी, ते कुलूप लावतील तेव्हा.