संवर्तापासून निदलपुंजापर्यंत

जास्वंदीचे एक ताजे फूल देठासकट खुडून हाती घ्यावे आणि ज्याने ते कधी पाहिले नाही त्याच्या मनश्चक्षूंपुढे ते केवळ शब्दांनी उभे करावयाचे असे ठरवून बसावे, म्हणजे नित्याच्या बोलीची शिदोरी किती लवकर सरते ते ध्यानात येते. देठाच्या वर हिरव्या अरुंद दलांचे एक कडे, त्याच्या आत पाच दात असलेली हिरवी वाटी, तिच्यातून वर आलेल्या आणि कळीत एकमेकींवर पीळ घालून बसलेल्या पाच पाकळ्या, मधोमध उभी राहिलेली लांब नळी, त्या नळीच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे परागकोश आणि तिच्या टोकातून बाहेर डोकावणारे पाच मखमली ठिपके, एवढा तपशील निःसंदिग्धपणे सांगावयाचा तर निदान दहा संज्ञा हव्यात. आणि त्या दहाही संज्ञा मराठीने मिळवल्या कशा, राखल्या किती व हातच्या सोडल्या किती, हे आयुष्याची बरीच वर्षे फुले उलगडून दाखविण्यात घालविलेल्या मजसारख्या शिक्षकास केवळ भाषेचे प्रकरण वाटत नाही.

घडविलेल्या संज्ञांना कृत्रिम म्हणून नाके मुरडण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु युरोपातील वनस्पतिशास्त्राचीही भाषा अशीच घडविलेली आहे. पुंकेसराला लॅटिनमध्ये जे नाव आहे ते मुळात विणकराच्या मागावरील उभ्या ताण्याचे, स्त्रीकेसराचे नाव खलातील बत्त्याचे, आणि पाकळ्यांच्या मंडलाचे नाव लहानशा मुकुटाचे. लिनीअसने 1751 साली ‘फिलॉसॉफिया बोटानिका’ प्रसिद्ध करून या शब्दांना शिस्त लावली, दोनच वर्षांनी वनस्पतींच्या द्विपदी नावांचा पाया घातला. तरीही फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलाला स्वतंत्र नाव मिळावयास 1790 साल उजाडावे लागले.

आपल्या बाजूला शब्दांची वाण नव्हती. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात कळीच्या निरनिराळ्या अवस्थांना निरनिराळे शब्द आहेत, कच्च्या फळाला शलाटु आणि वाळलेल्या फळाला वान असे भेद आहेत. वनस्पती ओळखणाऱ्यांचीही वाण नव्हती. 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या प्रचंड ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोंकणी वैद्यांची 1675 सालची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे, आणि पुढे लिनीअसनेही त्या ग्रंथाचा आधार घेतला. साक्ष आपली दाखल झाली, वर्णन मात्र लॅटिनमध्ये झाले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला त्यातही हाच शिरस्ता कायम राहिला: देशी नावे नोंदली गेली, पण पानाची कड दंतुर की अखंड, हे सांगण्याचा अधिकार इंग्रजीकडेच राहिला.

तो अधिकार मराठीने सावकाश परत घेतला. 1928 साली पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले, आणि शास्त्रीय मजकूर दरमहा मराठीत लिहावयाचा म्हटल्यावर शब्दांची तजवीज करणे लेखकांना भागच पडले. 1960 साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय आले, विश्वकोशाच्या कामासाठी मंडळ आले, आणि वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्या संज्ञा मुकरर झाल्या त्या 1976 पासून खंडाखंडांतून वाचकांच्या हाती पडू लागल्या. हिरव्या वाटीला संवर्त आणि तिच्या दलांना संदले; पाकळ्यांच्या मंडलाला पुष्पमुकुट आणि पाकळीला प्रदल; त्यापुढे केसरमंडल व किंजमंडल; किंजमंडलाच्या तळाशी किंजपुट, त्यावर किंजल, टोकाला किंजल्क. अमरकोशात किंजल्क आणि केसर हे एकमेकांचे पर्याय आहेत, हे संज्ञाकारांना ठाऊक नसेल असे संभवत नाही. त्यांनी त्या जोडीतला एक शब्द पुरुषांगाकडे ठेवला, दुसरा स्त्री-अंगाकडे दिला आणि एका प्राचीन पुनरुक्तीतून उपयुक्त भेद निर्माण केला. मला ही योजना आजही अत्यंत बुद्धिमान वाटते.

शेतकऱ्याच्या शब्दांबाबत मात्र इतके औदार्य दिसत नाही. खोड, देठ, पाते, शेंग, बोंड, आठळी हे शब्द शास्त्राने घेतले, म्हणून ते वर्गात उच्चारताच मुलांच्या डोळ्यांत ओळख उमटते. पण गव्हाची ती ओंबी, भाताची लोंबी, ज्वारी-बाजरीचे कणीस, उसाचा तुरा, आंब्याचा मोहोर आणि माडाची पोय, असे फुलोऱ्याचे भेद ज्या भाषेने नांगरामागून चालता चालता केले होते, तिच्यातून कणीस तेवढे कणिश होऊन परिभाषेत स्थिरावले. मंजरीचे भाग्य आणखी निराळे. शास्त्रात मंजरी म्हणजे एका अक्षावर देठाची फुले खालून वर क्रमाने उमलत जाणारा फुलोरा, जसा मोहरीचा. पण ज्या तुळशीमुळे हा शब्द घराघरांत आहे तिची मंजिरी भिंगाखाली धरली तर फुले अक्षाभोवती कड्याकड्यांनी बसलेली दिसतात, आणि काटेकोर व्याख्येत ती मंजरी ठरत नाही. मी हे दरवर्षी दाखवीत असे, आणि वर्ग दरवर्षी क्षणभर स्तब्ध होत असे.

पुढे शालेय पुस्तकांतून दुसरेच नाणे चालू झाले. संवर्ताच्या जागी निदलपुंज, पुष्पमुकुटाच्या जागी दलपुंज, केसरमंडल व किंजमंडल यांच्या जागी पुमंग व जायांग. यांपैकी दलपुंज, पुमंग, जायांग हे शब्द हिंदीतही तेच आहेत, आणि प्रांताप्रांतांत परिभाषा एक असावी या विचाराचे मोल मी नाकारीत नाही. दल आणि निदल यांची जोडी तर कानालाही सुबक लागते. तथापि या बदलाने शाळेतील मूल आणि विश्वकोश यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली, तिची रुजुवात कोणी केली नाही. दहावीचा विद्यार्थी कुतूहलाने विश्वकोशाचा खंड उघडतो आणि आपल्याच भाषेत लिहिलेले आपल्याच अंगणातल्या झाडाचे वर्णन त्याला परके वाटते. संज्ञा निवडताना चूक झाली तर ती पोटात घालता येते. पण एक पिढी एका शब्दावर स्थिरावत असता तो बदलणे ही माझ्या मते अधिक मोठी हानी आहे.

शिवाय नवा शब्द प्रत्येक वेळी अधिक चांगलाच होता असेही नाही. किंजल्काला पाठ्यपुस्तकात कुक्षी म्हणतात. एके वर्षी जास्वंद उभी चिरून मी फळ्यावर नावे लिहीत होतो: सर्वांत खाली अंडाशय, नळीतून वर गेलेला कुक्षीवृंत, आणि अगदी टोकाला, जेथे परागकण येऊन चिकटतात तेथे, कुक्षी. मागच्या बाकावरची, कधी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “सर, कूस म्हणजे कुक्षीच ना? मग बी खाली धरतं आणि कूस वर कशी?” मी खडू खाली ठेवला, फळ्यावरच्या कुक्षीशेजारी किंजल्क हा शब्द लिहिला, आणि त्या दिवशीचा उरलेला तास त्या दोन शब्दांवरच गेला.