पीकवार मंडळें आणि त्यांचें दप्तर

पूर्वीं शेतीची बातमी बाजाराच्या दिवशीं, पारावर किंवा सोसायटीच्या कचेरींत मिळत असे. आज ती मोबाइलवर येते. द्राक्ष, डाळिंब, ऊस, कांदा अशा एकेका पिकापुरते व्हॉट्सॲपचे गट गांवोगांवीं झाले आहेत. हीं मंडळें पुढें कोणत्या बळावर टिकतील, याचा विचार शेतकरी बंधूंनीं आतांच करावा, असें आम्हांस वाटतें.

एकाच पिकाच्या लहान मंडळाचा मोठा गुण असा कीं, तेथें विचारणारा व सांगणारा दोघेही त्याच पिकाशीं झगडत असतात. 2018 सालीं मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतांत प्रथम कर्नाटकांत आढळली आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही आली. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराची खूण व शेपटाजवळ चौकोनांत चार ठिपके, ही तिची ओळख. ती दाखविणारें एक स्पष्ट छायाचित्र वेळेवर पोंचलें, तर शेजारचा शेतकरी आपल्या मक्याचे पोंगे त्याच दिवशीं तपासूं लागतो. हजारों अनोळखी माणसांच्या गर्दींत तेंच छायाचित्र करमणुकीच्या चित्रांखालीं दडपून जातें.

परंतु ज्या जागेवर हीं मंडळें भरतात, ती त्यांच्या मालकीची नाहीं. भारतांत एके काळीं लोकप्रिय असलेलें ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजीं बंद झालें. गूगल प्लसचा सर्वसाधारण लोकांसाठीं असलेला भाग एप्रिल 2019 मध्यें मिटला. छंद, धंदा व अभ्यास यांच्या असंख्य लहान मंडळांचें घर असलेलें याहू ग्रूप्स 15 डिसेंबर 2020 रोजीं बंद पडलें. तेथील जुना मजकूर तर त्यापूर्वींच काढून टाकण्यांत आला होता. खंडानें घेतलेल्या रानांत विहीर खणणाऱ्यानें, मालक रान परत मागेल तो दिवसही ध्यानांत ठेवावा.

दुसरी अडचण मंडळाच्या आकाराची. व्हॉट्सॲपच्या एका गटांत 2016 सालीं 256 सभासद घेतां येत. 2022 सालीं ही मर्यादा 1,024 झाली. मात्र माणसें वाढलीं म्हणजे ज्ञान वाढलें असें नव्हे. तोच प्रश्न दर हंगामांत पुन्हा येतो, जाणता शेतकरी उत्तरें देऊन थकतो, आणि अर्धवट ऐकलेलें औषधाचें प्रमाण पुढें पुढें पाठविलें जातें. अशा चुकीची किंमत अखेर पिकास मोजावी लागते.

यास्तव कांहीं नियम सुचवितों. एका गटांत एकच पीक ठेवावें व गटास दोन चालक असावे. प्रश्नासोबत गांव, जमीन, वाण आणि पिकाचें वय लिहावें. औषधाचें प्रमाण डब्यावरील लेबलाशीं व कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्याशीं ताडून पाहिल्याखेरीज कोणीं सांगूं नये. व्यापाऱ्यांच्या जाहिरातींस आठवड्यांतील एकच वार द्यावा. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, महिन्याचीं निवडक प्रश्नोत्तरें तारखेसह वहींत उतरून तिची एक प्रत सोसायटीच्या दप्तरांत ठेवावी.

सहकारी संस्थांस इतिवृत्त लिहिण्याची शिस्त जुनीच आहे. तीच येथें लावली, तर उद्यां एखादी कंपनी आपलें दुकान आवरील, तरी मंडळ दुसऱ्या जागीं जाऊन पुन्हा उभें राहील. ज्याच्यापाशीं स्वतःचें दप्तर आहे, त्यास नवी जागा शोधणें जड जात नाहीं. येत्या मासिक सभेंत प्रत्येक गांवानें आपला एक लेखनिक नेमावा, एवढीच विनंति.